मैलागाळ वावरात नेण्याआधी

महापालिकेच्या मलजल शुद्धीकरण प्रकल्पावर कोणी पाहुणा आला, की त्याला पाणी दाखवतात. एका बाटलीत आत येणारं काळं पाणी, दुसरीत बाहेर पडणारं नितळ पाणी. या दोन बाटल्यांत जो फरक दिसतो तो सगळा हवेत विरत नाही. त्यातला बराचसा प्रकल्पाच्या मागच्या अंगाला, पिळणाऱ्या यंत्राखाली उभ्या ट्रॉलीत पडत असतो. काळा, ओलसर, शेणापेक्षा थोडा चिकट. पाहुण्यांचा फेरा तिथवर सहसा जात नाही, आणि आपले कायदेही तिथे आले की घुटमळतात.

हिशेब अवघड नाही. रोज ३० एमएलडी, म्हणजे तीन कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारा एक प्रकल्प धरा. दर दहा लाख लिटरमागे ढोबळ मानानं दोनशे किलो कोरडा गाळ निघतो. रोजचे सहा टन झाले. पण गाळ कोरडा निघत नाही. पिळून काढल्यावरही त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी राहतंच. म्हणजे रोज तीस टन ओला माल, तीन टनांची ट्रॉली धरली तर दहा ट्रॉल्या, भर पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीतही. अकोल्यात शिलोडा आणि अमरावतीत लालखडी इथले प्रकल्प उभे राहिले ते नद्यांसाठी. मोर्णा आणि पेढी दोन्ही शेवटी पूर्णेला मिळतात. जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकर हजारोंनी मोर्णेत उतरून जलपर्णी उपसत होते, त्याची दखल पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही घेतली होती. जलपर्णी ज्या नत्र-स्फुरदावर माजते, त्याचा एक वाटा आता नदीऐवजी गाळात अडतो. नदीच्या दृष्टीनं ही सुटका झाली. पण जे नदीत नको ते वावरात चालेल का, चालेल तर किती आणि कोणत्या अटीवर, याचं उत्तर कोणी द्यायचं ते अजून नीट ठरलेलं नाही.

शेतकऱ्याला हा माल नकोच आहे, असं मुळीच नाही. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले. गावात शेणखताची ट्रॉली मिळाली तर मिळाली, आणि तिचा भाव ऐकून बरेच जण डीएपीच्या रांगेत जाऊन उभे राहतात. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आहे, जस्ताची कमतरता जागोजागी आहे, आणि सोयाबीन-हरभऱ्याच्या फेऱ्यात जमिनीला परत काही मिळत नाही. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हावर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. वर्षानुवर्षं नुसती रासायनिक खतं घातलेले वाफे आणि सोबत शेणखत मिळालेले वाफे यांतला फरक तिथल्या मातीत दिसतो. सेंद्रिय माल जमिनीला हवा, यात वाद नाही. मैलागाळात नत्र-स्फुरद आहे, जस्त आहे. पालाश मात्र फारसं नाही, कारण ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच निघून जातं. म्हणजे मैलागाळ टाकला म्हणून पोटॅशची पिशवी वाचली, असं होणार नाही. फुकटच्या मालाची जाहिरात करताना ही बाब सांगायची राहून जाते.

तसं पाहिलं तर यात नवीन काहीच नाही. सोनखत हे नाव आपल्याकडे जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आसपासचे ऊस बागायतदार नगरपालिकेचं पुड्रेट, म्हणजे राख मिसळून वाळवलेला मैला, पैसे मोजून नेत. आपल्या शेजारच्या इंदूरला १९२४ मध्ये वनस्पती उद्योग संस्था निघाली, तिला कापसाच्या मध्यवर्ती समितीचा पैसा होता. तिथेच अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये तिच्यावरचं पुस्तक दोघांच्या नावानं आलं. जगभर हॉवर्डचं नाव झालं, वाडांचं फार कमी. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखत हा विषय आयुष्यभर लावून धरला. पण या सगळ्या परंपरेला एक काळी बाजू होती. तो मैला कोणीतरी डोक्यावरून वाहत होतं, आणि ते कोणी वाहायचं हे जातीनं ठरलेलं होतं. ते काम बंद करायला १९९३ चा आणि पुढे २०१३ चा कायदा करावा लागला. त्यामुळे ‘आपले पूर्वज हेच करत होते’ असं म्हणत मैलागाळाची भलामण करणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. शिवाय पूर्वीच्या सोनखतात माणसाच्या पोटातून आलेलंच काय ते होतं. आजच्या भुयारी गटारात घरचा संडास येतो, तसंच गॅरेजचं तेल, दवाखान्याचं पाणी, सोन्याचांदीच्या कारागिराचं आम्ल, मुलामा देणाऱ्याची टाकी आणि धुण्याच्या पावडरीतला सोडाही येतो.

गाळात काय असतं, याची एक गंमतशीर खूण वाळवण वाफ्यावर सापडते. जिथे गाळ उघड्यावर वाळत घालतात तिथे महिनाभरात टोमॅटोची रोपं उगवतात. कोणी लावलेली नसतात. माणसानं खाल्लेल्या टोमॅटोचं बी पोटातून, गटारातून, सगळ्या टाक्यांमधून पार होतं आणि वाफ्यावर रुजतं. लोक हसतात, काही जण टोमॅटो तोडूनही नेतात. पण ज्या प्रक्रियेत टोमॅटोचं बी जिवंत राहिलं, त्यात जंताची अंडी मेली असतील असं कसं मानायचं? गोल जंताचं अंडं तर भलतंच चिवट असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना अशा मालात दर ग्रॅम कोरड्या वजनाला एकापेक्षा कमी अंडं असावं असं सांगतात. नुसता साठवून ठेवायचा असेल तर उष्ण हवामानात वर्षाहून अधिक काळ ठेवावा, असाही त्यांचा सल्ला आहे. ढीग लावून कंपोस्ट करायचं तर आतली उष्णता ५५ अंशांवर पंधरा दिवस टिकायला हवी आणि त्या काळात ढीग पाच वेळा पलटायला हवा, असा अमेरिकी नियम आहे. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा निसर्गच अर्धं काम करतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र छपराशिवाय काही वाळणार नाही, आणि प्रकल्पाच्या निविदेत ते छप्पर धरलेलं आहे का, हा प्रश्न नगरसेवकांनी आवर्जून विचारण्यासारखा आहे.

जंत-जिवाणू मारता येतात. अहमदाबादला पिराणा इथे २०१९ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रानं कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून रोज शंभर टन सुका गाळ काढायची सोय झाली. त्याआधी वडोदऱ्याला असा प्रयोग होऊन गेला होता, आणि नंतर इंदूरनंही तोच मार्ग धरला. किरणांनी गाळ किरणोत्सारी होत नाही. त्याबद्दलची भीती अनाठायी आहे. पण किरणांनी कॅडमियम मरत नाही, शिसं मरत नाही, मीठही मरत नाही. ‘गाळ निर्जंतुक केला’ याचा अर्थ ‘गाळ निर्धोक झाला’ असा घेतला जातो, ती गल्लत मोठी आहे.

आता कायदा. मैलागाळ शेतीत वापरण्यासाठी आपल्याकडे वेगळा, बंधनकारक, स्वतःच्या नावाचा नियम नाही. आहेत ते तुकडे. केंद्राच्या नगरविकास खात्याची २०१३ ची मलनिस्सारण पुस्तिका मार्गदर्शन करते, पण ती पुस्तिका आहे, कायदा नव्हे. मापं उसनी घेतली जातात ती शहर कंपोस्टची. घनकचरा नियम, २०१६ मध्ये ती दिली आहेत: दर किलो कोरड्या मालात कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, तांबं ३००, जस्त १०००, पारा ०.१५. खत म्हणून विकायचं तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो, नमुने काढता येतात, परवाना अडतो. फुकट दिलं तर? मग ते खत राहत नाही, नुसता गाळ होतो, आणि कृषी खात्याचा निरीक्षक त्याकडे पाहत नाही. उरतं प्रदूषण नियंत्रण मंडळ. १९७४ च्या पाणी कायद्याखाली ते प्रकल्पाला संमतीपत्र देतं आणि त्यात गाळाची विल्हेवाट ‘खत म्हणून वापर’ अशा एका ओळीत आटोपलेली असते. बाहेर जाणाऱ्या पाण्यात बीओडी, म्हणजे जैविक प्राणवायूची मागणी, किती असावी याचा काथ्याकूट, आणि घन मालाला एक ओळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं द्रव कचरा व्यवस्थापन नियमांचा मसुदा काढला, त्यात गाळाचाही विचार होता. चर्चा निदान सुरू झाली म्हणायची.

परदेशातले आकडे शेजारी ठेवले की एक विचित्र गोष्ट दिसते. युरोपच्या १९८६ च्या निर्देशात गाळातल्या कॅडमियमची मर्यादा किलोला २० ते ४० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात चांगल्या प्रतीच्या गाळाला ३९. आपला उसना आकडा ५. पाऱ्याच्या बाबतीत तर अमेरिकेचे १७ आणि आपले ०.१५. म्हणजे कागदावर आपण जगाच्या शंभर पटींनी कडक! ऐकायला छान वाटतं. पण इतकं कडक माप लावलं की ते तपासण्यापेक्षा टाळणंच सोयीचं होतं, असा माझा संशय आहे. महापालिकेचा अधिकारी म्हणतो, नमुना काढला आणि नापास झाला तर रोजचा माल ठेवू कुठे? मग नमुनाच निघत नाही. युरोपनं गाळापेक्षा जमिनीवर जास्त लक्ष ठेवलं. गाळ घ्यायच्या आधी त्या जमिनीत किती धातू आहेत ते पाहायचं, जमिनीतली मर्यादा ठरवायची आणि दर हेक्टरी वर्षाला सरासरी किती भार टाकता येईल तेही ठरवायचं. कॅडमियमसाठी तो भार ०.१५ किलो आहे. आपल्या यादीत पोत्यातल्या मालाचं माप आहे, ज्या वावरात ते पोतं दरवर्षी रिकामं होणार त्या वावराचं नाही.

गणित करून पाहू. एकरी दोन टन, म्हणजे हेक्टरी पाच टन कोरडा गाळ टाकला, आणि तो अगदी आपल्या मर्यादेवरचा असला, तर एका वेळी २५ ग्रॅम कॅडमियम जमिनीत गेलं. वीतभर खोलीची माती हेक्टरी साधारण दोन हजार टन भरते. त्या मानानं २५ ग्रॅम काहीच नाही, आणि युरोपच्या वार्षिक भाराचा तो सहावा हिस्सा आहे. पण धातू कुठे जात नाही. वीस वेळा टाकला तर वीस वेळचा साठतो. जस्ताचं उदाहरण जास्त बोलकं आहे. त्याच पाच टनांतून हेक्टरी पाच किलो जस्त पडतं, आणि कृषी विद्यापीठं झिंक सल्फेटची जी हेक्टरी २५ किलोची मात्रा सांगतात, तिच्यातही जवळपास इतकंच जस्त असतं. म्हणजे पहिल्या खेपेला जमिनीचं दुखणं बरं झालं. मात्र ती मात्रा काही दरवर्षी द्यायची नसते. दरवर्षी गाळ टाकत राहिलं तर औषधाचं ओझं कधी झालं ते कळणार नाही, कारण जस्त वाढलं म्हणून पीक लगेच तक्रार करत नाही.

आणि तो दरवर्षी एकाच ठिकाणी पडणार, ही मला सगळ्यात मोठी भीती वाटते. ३० एमएलडीच्या प्रकल्पातून वर्षाला सुमारे बावीसशे टन कोरडा गाळ निघेल. हेक्टरी पाच टनांनी त्याला साडेचारशे हेक्टरही लागत नाहीत. अकोला जिल्ह्याच्या लाखो हेक्टर पेऱ्यात हा ठिपका आहे. जमीन भरपूर आहे. अडचण डिझेलची आहे. ओला माल लांब नेणं कोणाला परवडत नाही, म्हणून तो प्रकल्पाच्या चार-पाच किलोमीटरच्या परिघातल्या, रस्त्याला लागून असलेल्या त्याच त्या धुऱ्यांवर उतरतो. नाल्याच्या पाण्यावर मोटर टाकून पालक-मेथी-कोथिंबीर काढणारी वावरंही बहुधा त्याच परिघात असतात, आणि पालेभाजी ही कॅडमियम उचलण्यात सगळ्या पिकांच्या पुढे असते. नियम करताना जिल्ह्याची सरासरी काढून चालणार नाही. गट नंबर धरूनच बोलावं लागेल.

वऱ्हाडच्या मातीचं स्वतःचंही काही म्हणणं आहे. ती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे, तिचा सामू बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास किंवा वर असतो. अशा मातीत कॅडमियम, जस्त, शिसं घट्ट धरून ठेवले जातात, पिकात कमी जातात. आम्लधर्मी मातीच्या कोकणापेक्षा हा आपला फायदा. पण मॉलिब्डेनम आणि सेलेनियम यांचं उलटं असतं. सामू वाढला की ते मोकळे होतात. चाऱ्यात मॉलिब्डेनम वाढलं की जनावराच्या अंगी तांबं लागत नाही. परदेशी तक्त्यांच्या नकला करताना हे ध्यानात येत नाही, कारण ते तक्ते बनवणाऱ्यांची मुख्य चिंता आम्लधर्मी जमिनीची होती. आपल्या कंपोस्टच्या यादीत मॉलिब्डेनम नाहीच.

त्याहून ठळकपणे यादीत नाही तो सोडियम. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर या भागात खारपाणपट्ट्याबद्दल कोणाला समजावून सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यात, तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून जास्त जमिनीखाली खारं पाणी आहे, आणि वरच्या चिकण मातीत सोडियम बसला की ती पाणी पीत नाही. पाऊस पडला की चिखल, उघडला की दगड. शहर कंपोस्टच्या मापात क्षारतेसाठी विद्युतवाहकतेची एक मर्यादा आहे, चारपर्यंत. ते क्षार कशाचे, चुन्याचे की सोड्याचे, हे ती मर्यादा विचारत नाही. वऱ्हाडात तोच प्रश्न आधी विचारायला हवा. सेंद्रिय मालानं या जमिनीचा पोत सुधारतो हे खरं, आणि सोडियमवाल्या गाळानं तो बिघडतो हेही खरं. संत्र्याच्या बागांसाठी तर माझं मत सरळ आहे: वरूड-मोर्शी-अचलपूरच्या संत्र्याला मैलागाळ देऊ नये. लिंबूवर्गीय झाड क्षाराला हळवं असतं, बाग पंधरा-वीस वर्षांची असते, आणि एखाद्या खेपेबद्दल बाजारात कुजबुज उठली तर भाव पडायला प्रयोगशाळेचा अहवाल लागत नाही.

उन्हाळ्यातल्या काळ्या वावराचं एक दृश्य नियम करणाऱ्यांनी जाऊन पाहावं. मे महिन्यात जमिनीला हात जाईल, काही ठिकाणी अख्खा दंड जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. खत टाकायची वेळही तीच. सुका गाळ पसरला की त्याची भुकटी सरळ भेगेत उतरते आणि मृगाच्या पहिल्या दणक्यात पाणी त्याच वाटेनं दोन-तीन फूट खाली जातं. वरच्या वीतभर मातीत माल मिसळेल, हे गृहीतच इथे कोसळतं. म्हणून आधी वखर मारून भेगा बुजवायच्या, मग गाळ पसरायचा, आणि लगोलग दुसरी पाळी घालून मातीत घालायचा. विहिरीपासून आणि नाल्याच्या काठापासून पट्टा मोकळा सोडायचा. ही अट कोणत्याही देशाच्या तयार नियमात शब्दशः सापडायची नाही. ती इथेच लिहावी लागेल.

कापसाचं प्रकरण वेगळंच आहे. २०१६ च्या नियमात एक पळवाट आहे: कंपोस्ट मर्यादेबाहेर गेलं तर खाद्यपिकांना वापरू नये, इतर कामांना वापरता येईल. दिल्लीत बसून पाहिलं तर वऱ्हाड म्हणजे कापूस आणि कापूस म्हणजे कापड; तेव्हा नापास माल पऱ्हाटीला घाला, प्रश्न मिटला. अमेरिकेचा नियमही कमी प्रक्रिया केलेल्या गाळानंतर कंदमुळांना २० ते ३८ महिने थांबायला सांगतो, जमिनीला टेकणाऱ्या पिकांना १४ महिने, आणि चारा व धाग्याच्या पिकांना फक्त ३० दिवस. पण अकोल्यात कोणालाही विचारा, कापसातून रुई निघाल्यावर राहतं काय? सरकी. तिचं तेल निघतं आणि ते फरसाणापासून घरच्या कढईपर्यंत पोचतं. उरलेली ढेप म्हशीपुढे जाते, आणि म्हशीचं दूध पुन्हा आपल्याकडे. धातू तेलात फारसे उतरत नाहीत, ते ढेपेतच राहतात. शिवाय कापसाच्या ओळींत तूर असतेच, आणि पुढच्या साली त्याच वावरात सोयाबीन किंवा हरभरा. वऱ्हाडात निव्वळ अखाद्य पिकाची जमीन अशी नसतेच. ती पळवाट इथे बंद करावी.

मग उपाय कुठे? माझ्या मते वावराच्या धुऱ्यावर पहारा ठेवण्याआधी गटाराच्या तोंडाशी ठेवावा लागेल. गाळातला धातू शुद्धीकरण प्रकल्पात तयार होत नाही, तो कोणीतरी सोडलेला असतो. मुलामा देणारे, बॅटरीवाले, रंगाची भांडी धुणारे, गॅरेजवाले यांची संख्या अकोला-अमरावतीसारख्या शहरात मोजता येण्याजोगी आहे. मुंबई-ठाण्याचं गटार साफ करणं कठीण आहे. आपलं अजून हाताबाहेर गेलेलं नाही. अमरावतीला नांदगाव पेठेत वस्त्रोद्योग वाढतो आहे, पीएम मित्रा पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कापड आलं की रंगाई आणि फिनिशिंग आलं, आणि त्यांच्या सांडपाण्याच्या गाळाची गणना घातक कचऱ्यात होते. त्या पाण्याचा एक थेंबही महापालिकेच्या मैलावाहिनीत येऊ नये, टँकरनंही येऊ नये, ही अट आत्ताच, कारखाने उभे राहताहेत तोवरच पक्की करता येईल. पाण्यात न दिसणारी, न मोडणारी रसायनंही आहेत: डाग न धरणाऱ्या कापडावर, न चिकटणाऱ्या भांड्यांवर वापरतात ती पीफास कुळातली. त्यांना ‘कायमची रसायनं’ म्हणतात. अमेरिकेतल्या मेन राज्यानं याच रसायनांपायी २०२२ मध्ये शेतात गाळ टाकायलाच बंदी घातली. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं सरकारमान्य गाळ घेतला होता, सगळे नियम पाळले होते. फक्त नियमाच्या यादीत ते रसायन नव्हतं.

बंदी हा मार्गही काही देशांनी निवडला आहे. स्वित्झर्लंडनं २००३ पासून शेतीतला वापर थांबवायला घेतला, ते गाळ जाळतात. जर्मनीनं मोठ्या प्रकल्पांना २०२९ पासून गाळातून स्फुरद वेगळा काढणं सक्तीचं केलं आहे. उलट ब्रिटनमध्ये बहुतेक गाळ आजही शेतात जातो. आपल्याला जाळणं परवडणार नाही. ऐंशी टक्के पाणी असलेला माल जाळायला इंधन कोण देणार? आणि बंदी घातली तर रोजचा माल कचरा डेपोवर किंवा रात्रीच्या अंधारात नाल्याकाठी जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून परवानगीच्या बाजूनं माझं मत आहे, पण ती प्रत्येक प्रकल्पाला, त्याचा माल पाहून, वेगवेगळी असावी.

इथे छोट्या गावांचा उल्लेख करायला हवा. अकोट, दर्यापूर, अंजनगाव सुर्जीसारख्या ठिकाणी घरोघर सेप्टिक टँक आहेत आणि मैला उपसणारी गाडी येते. वाई आणि सिन्नर यांनी २०१८ पासून ठरावीक वेळापत्रकानं टँक उपसून स्वतंत्र प्रकल्पात गाळ नेण्याची घडी बसवली, आणि राज्यातल्या बऱ्याच नगरपालिकांनी कचरा डेपोशेजारी तसे वाफे बांधले. या गाळात कारखान्याचं काही नसतं, त्यामुळे धातूंची चिंता कमी. जंतांची मात्र जास्त, कारण पुष्कळदा माल ताजा असतो. मोठ्या शहराचा गाळ याच्या बरोबर उलटा. दोघांना एकच तक्ता लावणं म्हणजे एकाला विनाकारण छळणं आणि दुसऱ्याला मोकळं सोडणं. नगरपालिकेच्या गाळाला वर्षभराची साठवण आणि अंड्यांची तपासणी एवढं सक्तीचं केलं तरी पुष्कळ काम होईल. आणि गाडी उपसा करून परस्पर वावरात रिकामी करते, ते तर आजच्या आजच थांबवायला हवं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. गाडीला जीपीएस आणि पालिकेच्या ठेकेदाराला दंड पुरतो.

तपासणीचा खर्च कोणाचा, हा प्रश्न शेवटी येतोच. शेतकऱ्याच्या हातात २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यावर बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, आणि जस्त-लोह-तांबं-मंगल-बोरॉन. कॅडमियम नाही, शिसं नाही, सोडियमही नाही. गाळ घेतलेल्या वावराची पत्रिका काढली तर ती उलट आधीपेक्षा चांगली दिसेल, कर्ब वाढलेला, जस्त भरपूर! म्हणून गाळ घेणाऱ्या गटांची वेगळी तपासणी हवी: पहिल्या ट्रॉलीआधी एकदा आणि मग दर पाच वर्षांनी, महापालिकेच्या खर्चानं. गाळ देऊन महापालिकेचा कचरा डेपोचा आणि वाहतुकीचा पैसा वाचतो, त्यातून हे सहज भागेल. अमरावतीत आणि अकोल्यात प्रदूषण मंडळाची कार्यालयं आहेत, अकोल्यात विद्यापीठ आहे, नागपूरला नीरी आणि मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. माणसं आणि यंत्रं शोधत फिरावं लागणार नाही. विद्यापीठानं आपल्याच जमिनीवर, कापूस-तूर आणि सोयाबीन-हरभरा या इथल्या पिकांवर, शिलोड्याचाच गाळ घालून पाच हंगाम पाहावं, आणि सरकीची ढेपही तपासावी. तोवर माल रस्ता दुभाजक, वनीकरण, जुन्या डेपोवरचं मातीचं पांघरूण अशा ठिकाणी जिरवता येईल.

नोंदीचा मुद्दा मात्र नाजूक आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे, गट नंबरनिहाय पेरा मोबाइलवर चढतो. त्यातच ‘या वर्षी मैलागाळ किती टाकला’ असा एक रकाना घालता येईल, तांत्रिकदृष्ट्या काही अवघड नाही. पण शेतकरी विचारेल, आणि रास्तच विचारेल, की उद्या जमीन विकायला काढली आणि घेणाऱ्यानं हा रकाना पाहिला तर भाव पाडणार नाही का? बँक काय म्हणेल? आणि रकाना नसेल तर वीस वर्षांनी एखाद्या विहिरीत काही सापडलं, तर कोणाच्या वावरात काय गेलं होतं ते कोणालाच सांगता येणार नाही आणि अख्ख्या शिवाराचं नाव खराब होईल. मेनमध्ये बंदीबरोबरच सरकारनं बाधित शेतकऱ्यांसाठी सहा कोटी डॉलरचा निधी उभा केला. कोणाकडे गाळ गेला होता याच्या जुन्या परवान्यांच्या नोंदी होत्या म्हणूनच वावरं शोधून तपासता आली. आपल्याकडे फुकट दिलेल्या गाळाची पावतीसुद्धा बहुधा फाटत नाही. माझ्या मते नोंद हवीच, पण तिच्यासोबत महापालिकेचं हमीपत्र हवं: अमुक गटात अमुक तारखेला अमुक तपासणीचा एवढा माल दिला, आणि त्यापायी जमीन, विहीर किंवा पीक बिघडलं तर भरपाई आमच्याकडे. संमतीपत्राचं नूतनीकरण करताना प्रदूषण मंडळानं ही एक अट घातली तरी राज्याच्या नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. अशा हमीपत्रावर सही करायला महापालिका तयार नसेल, तर शेतकऱ्यानंही ट्रॉली उतरवून घेऊ नये.